लिनक्सवर स्क्रीन १०२४×७६८ वरच अडकली आहे, ड्रायव्हर कुठला टाकू?

ग्रंथसखी

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका गावाच्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. एका कार्यालयाने वापरलेले संगणक आम्हाला दिले. चौथ्या पिढीचे इंटेल आय-३, ८ जीबी रॅम आणि २२ इंची मॉनिटर. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि विंडोज ११ या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. म्हणून गावातल्याच इंजिनियरिंगच्या एका मुलाने सगळ्यांवर लिनक्स मिंट २२ टाकून दिलं. तो आता कॉलेजला परत गेलाय.

बाकीची मशीन उत्तम चालतात, तिघांचं अडलंय.

पहिलं, काउंटरवरचं: मॉनिटर १९२०×१०८० चा आहे, पण डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये १०२४×७६८ च्या वर पर्यायच दिसत नाही. दुसरं: तिथेही १०२४×७६८, पण यादीत तेवढा एकच पर्याय. शिवाय माउस ओढत ओढत चालतो आणि व्हिडिओ अडखळतो. तिसऱ्यात जीटी ७३० नावाचं वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे. त्याचं रेझोल्युशन बरोबर दिसतं, पण ड्रायव्हर मॅनेजर "नवा ड्रायव्हर उपलब्ध" म्हणतो. तो टाकू का?

आमच्याकडे स्पर्धा परीक्षेची मुलं शासन निर्णयांच्या पीडीएफ वाचतात, आजोबा मंडळी ई-पेपर वाचतात. अक्षरं आडवी फुगलेली आणि पुसट दिसतात. अनुस्वार आहे की नाही ते कळत नाही, पहिला उकार की दुसरा ते कळत नाही. इंटेलच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवावा का?

सह्यकडा

ग्रंथसखी ताई, कुठूनही काहीही उतरवू नका. विंडोजची सवय असली की रेझोल्युशन बिघडताच हात ड्रायव्हरकडे जातो. लिनक्समध्ये इंटेलच्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आतच असतो. त्याचं नाव आय-९१५. चित्र काढण्याचा वरचा भाग मेसा नावाच्या संचात असतो आणि तोही मिंटबरोबर आलेला आहे. बाहेरून आणून बसवायचं असं काही उरत नाही.

रेझोल्युशन तीन टप्प्यांतून येतं. मॉनिटर आधी संगणकाला सांगतो की मला काय काय दाखवता येतं. कर्नलमधला ड्रायव्हर त्यातलं आपल्याला आणि त्या तोंडाला (वायर लावायच्या जागेला) जमणारं ठेवतो. मग डेस्कटॉपचं सेशन ती यादी तुमच्यासमोर मांडतं. गाडी यातल्या कुठल्या टप्प्यावर थांबली ते कळल्याशिवाय एकही सेटिंग बदलू नका. तुमची पहिली दोन मशीन वरून सारखी दिसतात, पण वर्णनावरून त्यांची कारणं वेगळी असावीत.

मेनूत सिस्टीम रिपोर्ट्स नावाचं ॲप आहे. ते उघडून सिस्टीम इन्फॉर्मेशनवर जा आणि त्यातला ग्राफिक्सचा भाग इथे लिहा. ड्रायव्हरच्या पुढे काय लिहिलंय आणि रेंडररच्या पुढे काय लिहिलंय, एवढं पुरे. आणि हो, मॉनिटर मशीनला कुठल्या वायरने जोडलाय तेही सांगा.

ग्रंथसखी

पहिलं मशीन: ड्रायव्हर आय-९१५, रेंडरर मेसा इंटेल एचडी ४४००.
दुसरं मशीन: ड्रायव्हरसमोर "एन/ए", रेंडरर "एलएलव्हीएमपाइप".

मशीनच्या मागे व्हीजीए आणि डिस्प्लेपोर्ट अशी दोन तोंडं आहेत. मॉनिटरला व्हीजीए आणि एचडीएमआय. सगळीकडे निळ्या टोकाची व्हीजीए वायरच लावली आहे. काउंटरवरचा मॉनिटर लांब असल्याने तिथे दोन वायरी जोडून लांबी वाढवली आहे.

सह्यकडा

दोन्हींची उत्तरं यातच आहेत. पहिल्यापासून सुरू करू.

ड्रायव्हर बरोबर चढलाय, रेंडररही बरोबर आहे. म्हणजे संगणकाची बाजू ठीक. अडलंय ते मॉनिटरचं म्हणणं पोचण्यात. प्रत्येक मॉनिटरमध्ये १२८ बाइटची छोटी माहिती साठवलेली असते, तिला ईडीआयडी म्हणतात. मॉनिटरचं ओळखपत्रच ते. बनवणारा कोण, मॉडेल कुठलं, पडद्याची लांबी-रुंदी किती, मूळ रेझोल्युशन कुठलं, सगळं त्यात असतं. नव्या मॉनिटरमध्ये पुढे आणखी १२८ बाइटचे भाग जोडलेले असतात.

व्हीजीएच्या १५ पिनांपैकी १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून ही माहिती येते. लाल, हिरवा, निळा हे रंग १, २, ३ क्रमांकाच्या पिनांवरून जातात. स्वस्त वायरींमध्ये, विशेषतः लांबी वाढवणाऱ्या वायरींमध्ये, १२ आणि १५ ची तार कधी कधी घातलेलीच नसते. चित्र येतं, रंग येतात, पण माहिती येत नाही. माहिती मिळाली नाही की कर्नल जोखीम घेत नाही. कुठल्याही मॉनिटरला झेपेल अशी १०२४×७६८ पर्यंतची यादी तो स्वतःहून देतो. तुमच्याकडे नेमका तोच आकडा दिसतोय, तो त्यामुळेच.

खात्री करायची तर सिस फोल्डरमध्ये क्लास, त्यात डीआरएम, त्यात नावाच्या शेवटी व्हीजीए-१ असलेला फोल्डर, आणि त्यात ईडीआयडी नावाची फाइल आहे. फाइल मॅनेजर तिचा आकार नेहमी शून्यच दाखवतो, त्यावर जाऊ नका. टर्मिनलमध्ये डब्ल्यूसी आज्ञेला उणे-सी जोडून त्या फाइलचा पूर्ण पत्ता द्या. १२८ किंवा २५६ आलं तर माहिती पोचतेय. शून्य आलं तर वायर.

ग्रंथसखी

शून्य आलं!

जुनी_कमांड

वायर बदलायची गरज नाही. सीव्हीटी आज्ञेला १९२० १०८० ६० हे आकडे द्या, ती मोडलाइन, म्हणजे त्या रेझोल्युशनच्या सिग्नलचे सगळे आकडे, छापते. एक्सरँडआर या पडद्याच्या सेटिंग बदलणाऱ्या आज्ञेने ती नवा मोड म्हणून नोंदवा, व्हीजीएच्या तोंडाला जोडा आणि लागू करा. मी अनेक ठिकाणी असंच केलंय.

सह्यकडा

जुनी_कमांड, उपाय बरोबर आहे आणि कधी कधी तोच एक उरतो. पण वाचनालयात मी तो शेवटी ठेवेन. एक्सरँडआरने दिलेला मोड लॉगआउट केलं की जातो. टिकवायचा तर सेशन सुरू होताना चालणारी स्क्रिप्ट लिहा किंवा एक्सच्या (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या) कॉन्फिगरेशनमध्ये मॉनिटरचा भाग लिहा. उद्या कोणी मॉनिटर बदलला की त्या नव्या मॉनिटरवर जुना मोड लादला जाणार, आणि "आउट ऑफ रेंज" असा संदेश बघत ताई बसणार.

शिवाय सीव्हीटीचे आकडे डोळे झाकून वापरू नयेत. १९२०×१०८० ला ती १७३ मेगाहर्ट्झचा पिक्सेल क्लॉक, म्हणजे पिक्सेल पाठवण्याचा वेग, देते. व्हीजीएवर चालून जातं. पण सिंगल-लिंक डीव्हीआय, जुनं एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टला लावायचे साधे कन्व्हर्टर यांची मर्यादा १६५ मेगाहर्ट्झ आहे. तिथे हा मोड नाकारला जातो आणि लोक तासन्‌तास ड्रायव्हर बदलत बसतात. अशा वेळी सीव्हीटीला उणे-आर जोडायचं. ती रिड्यूस्ड ब्लँकिंगची मोडलाइन देते आणि तेच रेझोल्युशन १३८.५ मेगाहर्ट्झमध्ये बसतं. कारण साधं आहे. जुन्या ट्यूबच्या पडद्यात किरण ओळीच्या टोकावरून परत यायला वेळ लागायचा, तो वेळ सिग्नलमध्ये राखून ठेवलेला असायचा. सपाट पडद्याला त्याची गरज नाही.

ताई, चांगल्या चालणाऱ्या मशीनची वायर काढून काउंटरला लावून बघा. वायर बदलल्यावर मशीन एकदा रीस्टार्ट करा.

ग्रंथसखी

वायर बदलली. आपोआप १९२०×१०८० झालं! सेटिंग उघडावीच लागली नाही. अक्षरं अशी कोरल्यासारखी दिसतात की आजोबांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. पण ही वायर तिथवर ताणून बसते, कायमचं काय करू?

मिंटपाने

डिस्प्लेपोर्टचं तोंड रिकामंच आहे ना ताई? डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय अशी एकसंध वायर मिळते, तीन मीटरची घ्या. व्हीजीएमध्ये सिग्नल ॲनालॉग असतो. लांबी वाढली की अक्षरांच्या कडांना सावली येते. मराठीत शिरोरेषेमुळे ती सावली जास्तच जाणवते, कारण प्रत्येक शब्दावर आडवी काळी रेघ आहे आणि तिच्या टोकाशी ती दिसते. डिजिटल वायरीत तो प्रश्न येत नाही.

सह्यकडा

मिंटपाने यांना पूर्ण अनुमोदन. आणि ताई, अक्षरं "आडवी फुगलेली" दिसत होती हे तुमचं निरीक्षण अगदी अचूक होतं. १०२४×७६८ हे ४:३ चं चित्र १६:९ च्या पडद्यावर ताणलं की रुंदी १.८७५ पट होते आणि उंची साधारण १.४ पट. प्रत्येक अक्षर उंचीच्या मानाने एक तृतीयांश जास्त रुंद होतं. शिवाय एक पिक्सेल दीड-पावणेदोन पिक्सेलांवर वाटला जातो म्हणून कडा विरतात. नऊ-दहा पॉइंटच्या देवनागरीत अनुस्वाराला एक-दोन पिक्सेलच मिळतात, तोच आधी जातो. फॉन्ट बदलून, फॉन्ट मोठा करून हे पूर्ण सुटत नाही. पडदा त्याच्या मूळ रेझोल्युशनवरच चालला पाहिजे.

आता दुसरं मशीन. एलएलव्हीएमपाइप म्हणजे ग्राफिक्सचं सगळं काम प्रोसेसरच करतोय, ग्राफिक्सचा भाग बसून आहे. माउस ओढतो तो म्हणून. माझा अंदाज असा: मिंट टाकताना त्या मशीनवर स्क्रीन काळी झाली असेल, आणि मुलाने नोमोडसेट हा पर्याय देऊन काम पुढे नेलं असेल. तो पर्याय नंतर काढायचा असतो. त्याचा अर्थच "कर्नलने ग्राफिक्सला हात लावू नये" असा आहे. तो असेपर्यंत आय-९१५ चढत नाही आणि सुरुवातीला बायोसने जे रेझोल्युशन ठेवलं तेवढंच राहतं. म्हणून तुमच्या यादीत एकच पर्याय आहे.

प्रॉक फोल्डरमध्ये सीएमडीलाइन नावाची फाइल आहे. ती उघडा. एकच ओळ असते. त्यात नोमोडसेट दिसतंय का?

ग्रंथसखी

हो, शेवटचा शब्द तोच आहे. त्या मुलाला फोन केला. त्याने सांगितलं की टाकताना खरंच स्क्रीन काळी झाली होती.

सह्यकडा

मग आधी फक्त एका वेळेपुरता काढून बघा, कायमचं काही बदलू नका. मशीन सुरू होताना एस्केप दाबा, जुन्या पद्धतीचं बायोस असेल तर शिफ्ट दाबून धरा. ग्रबचा, म्हणजे मशीन सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू येईल. मिंटच्या ओळीवर असताना ई दाबा. लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटाकडे नोमोडसेट दिसेल, तेवढाच शब्द पुसा आणि एफ-१० दाबा. हा बदल त्या एका सुरुवातीपुरताच असतो. स्क्रीन काळी राहिली तर बटण दाबून बंद करा. पुढच्या वेळी सगळं पूर्वीसारखं.

नीट सुरू झालं तर मात्र कायमचं करायचं. टाइमशिफ्ट या ॲपमध्ये एक स्नॅपशॉट घ्या, बिघडलं तर मागे जाता येतं. मग ईटीसीमधल्या डिफॉल्ट फोल्डरातली ग्रब फाइल प्रशासकाच्या अधिकाराने उघडा, सीएमडीलाइन-लिनक्स-डिफॉल्टच्या अवतरणचिन्हांतून तो शब्द काढा, जतन करा आणि अपडेट-ग्रब चालवा. ही शेवटची पायरी विसरली तर फाइल बदलूनही काहीच बदलत नाही.

कोकणकडा_देबियन

एक भर घालतो, कारण हा धागा शोधून एएमडीवालेही येतील. एएमडीच्या कार्डांना ड्रायव्हरबरोबर फर्मवेअरच्या (कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामच्या) फाइल लागतात. त्या नसल्या की एएमडीजीपीयू हा ड्रायव्हर चढत नाही आणि लक्षणं हुबेहूब ताईंच्या दुसऱ्या मशीनसारखी दिसतात. देबियनच्या जुन्या आवृत्त्यांच्या नेहमीच्या इन्स्टॉलरमध्ये हे फर्मवेअर नसायचं. जून २०२३ मध्ये आलेल्या देबियन १२ पासून त्याचा वेगळा विभाग झाला आणि अधिकृत इन्स्टॉलरमध्येच ते येऊ लागलं. जुन्या देबियनवरून अपग्रेड करत आलेल्यांनी मात्र तो नवा विभाग सोर्सेसच्या यादीत स्वतः जोडायचा असतो. डीमेसग ही आज्ञा कर्नलच्या नोंदी दाखवते, त्यांत "फर्मवेअर" शब्द शोधा, कुठली फाइल सापडली नाही ते तिथे नावासकट लिहिलेलं असतं.

ग्रंथसखी

दुसरं मशीन झालं! आधी तात्पुरतं करून बघितलं, स्क्रीन व्यवस्थित आली, मग कायमचं केलं. आता ड्रायव्हर आय-९१५ दाखवतं, १९२०×१०८० आहे, व्हिडिओही न अडखळता चालतो. तेव्हा काळी स्क्रीन का आली होती मग?

सह्यकडा

इन्स्टॉल करताना पेनड्राइव्हवरचं जुनं कर्नल होतं, आता अपडेट झालेलं आहे, हे एक शक्य कारण. दुसरं म्हणजे चित्र मॉनिटर न लावलेल्या तोंडाकडे गेलेलं असू शकतं. इथे बसून नक्की सांगता येणार नाही, पण आता चालतंय म्हणजे त्यामागे लागू नका.

जीटी ७३० बद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सेकंडहँड बाजारात हे कार्ड खूप फिरतं. एकाच नावाने दोन वेगळ्या चिप विकल्या गेल्या. एक फर्मी पिढीची, जीएफ१०८, ९६ कोअरची. दुसरी केप्लर पिढीची, जीके२०८, ३८४ कोअरची. खोक्यावरून फरक कळत नाही, एलएसपीसीआय आज्ञेने कळतो. केप्लरला एनव्हिडियाची ४७० ही मालिका चालते, फर्मीला ३९०. ३९० चा आधार २०२२ अखेर संपला आणि ४७० चा २०२४ मध्ये. म्हणजे दोन्हीकडे कंपनीकडून आता काही येणार नाही. कर्नल मात्र पुढे जात राहतं. डीकेएमएस प्रत्येक नव्या कर्नलसाठी हा ड्रायव्हर तुमच्या मशीनवरच पुन्हा बांधतं, आणि एखाद्या अपडेटला तो बांधला गेला नाही की सकाळी वाचनालय उघडताना समोर काळी स्क्रीन.

त्यात सिक्युअर बूट (सही नसलेलं काही सुरुवातीला चढू न देणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना पासवर्ड विचारला जातो आणि रीस्टार्टला निळ्या पडद्यावर "एन्रोल एमओके" निवडून तोच द्यावा लागतो. ती पायरी घाईत सुटली तर सहीविना मॉड्यूल कर्नल चढवत नाही. ड्रायव्हर टाकलेला दिसतो, पण चालत नाही.

तुमचं रेझोल्युशन आज नूव्हो या मुक्त ड्रायव्हरवर बरोबर आहे. वाचन, टायपिंग, व्हिडिओ यांना तो पुरतो. मला विचाराल तर ते कार्ड काढूनच ठेवा आणि मदरबोर्डवरचं तोंड वापरा. इंटेलचं आतलं ग्राफिक्स तुमच्या कामाला भरपूर आहे आणि सगळी मशीन एकसारखी झाली की सांभाळायला सोपी. एकाचं शिकलं की सगळ्यांचं आलं.

निळेआकाश

कार्ड काढायला कशाला सांगता? ४७० वर केप्लर माझ्याकडे मस्त चालतंय. ब्लेंडर वापरणाऱ्याला नूव्हो पुरत नाही.

सह्यकडा

तुमच्या कामासाठी तुमचं बरोबर आहे. ब्लेंडर किंवा खेळ असतील तर मीही ४७० च टाकेन, आणि त्याला साथ देणारं जुनं कर्नल धरून ठेवेन. पण ज्या वाचनालयात हाताशी तंत्रज्ञ नाही तिथे दर अपडेटला तुटू शकेल असं काही ठेवू नये, हे माझं ठाम मत आहे.

राइनकाठ

जर्मनीतून लिहितेय. माझ्या लॅपटॉपवर फेडोरा लिनक्स आणि प्लाझ्मा ६ हा डेस्कटॉप आहे. तिथे एक्सरँडआरने नवा मोड जोडायचा प्रयत्न केला तर काहीच होत नाही. शिवाय १५० टक्के स्केलिंगवर काही ॲपमध्ये मराठी धूसर दिसतं, काहींत स्वच्छ. हे काय गौडबंगाल आहे?

मिंटपाने

राइनकाठ ताई, तुमचं सेशन वेलँडवर, म्हणजे एक्सच्या जागी आलेल्या नव्या यंत्रणेवर, आहे. प्लाझ्मा ६ मध्ये तेच मूळचं आहे. तिथे एक्सरँडआर फक्त जुन्या ॲपसाठी ठेवलेल्या एक्सवेलँडशी बोलतं, खऱ्या पडद्याशी नाही. रेझोल्युशन सिस्टीम सेटिंग्जमधूनच बदला. धूसर दिसणारी ॲप एक्सवेलँडमधून चालणारी असणार. डिस्प्लेच्या पानावर जुन्या ॲपच्या स्केलिंगचा पर्याय आहे, तिथे "ॲपने स्वतः करावं" निवडा. मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपमध्ये वेलँड अजून प्रायोगिक आहे, मूळ सेशन एक्सचंच. म्हणून वरचे एक्सरँडआरचे सल्ले तिथे लागू पडतात आणि तुमच्याकडे नाही.

फळा_खडू

माझाही प्रश्न इथेच विचारतो, वायरीचाच आहे. शाळेत प्रोजेक्टर छताला आहे, व्हीजीए वायर भिंतीतून गेली आहे. ती बदलायची म्हणजे भिंत फोडायची. प्रोजेक्टर १२८०×८०० चा, लॅपटॉप १३६६×७६८ चा, उबुंटू २४.०४. लावलं की दोन्हीकडे १०२४×७६८ होतं आणि गणिताच्या आकृत्यांतली वर्तुळं लंबगोल दिसतात. भूमिती शिकवताना हे चालत नाही.

सह्यकडा

सर, तुमच्याकडे दोन कारणं एकत्र आली आहेत. मिरर केलं की दोन्ही पडद्यांना चालणारं सामायिक रेझोल्युशनच निवडलं जातं. तुमच्या दोन पडद्यांत ते १०२४×७६८ हेच उरतं. म्हणून मिररऐवजी फक्त प्रोजेक्टर चालू ठेवा, किंवा जोड-पडदा करून धडा तिकडे सरकवा.

पण वायरीतून ईडीआयडी येत नसेल तर प्रोजेक्टरच्या यादीत १२८०×८०० दिसणारच नाही. इथे जुनी_कमांड यांचा मार्ग लागतो, फक्त मी तो कर्नलच्या पातळीवर करेन. म्हणजे एक्स असो की वेलँड, दोन्हीकडे चालतो. ताईंच्या मशीनवर ग्रबच्या ज्या ओळीत नोमोडसेट होतं, तुमच्या त्याच ओळीत व्हिडिओ हा पर्याय द्यायचा. त्यात तोंडाचं नाव, मग १२८०×८००, मग दर सेकंदाला ६०. तोंडाचं नाव सिसच्या डीआरएम फोल्डरात दिसतं तेच द्या. एक्सरँडआर एचडीएमआय-१ म्हणतं त्याला कर्नल एचडीएमआय-ए-१ म्हणतं, आणि हा पर्याय कर्नल वाचतं.

याहून पक्का उपाय आहे तो असा. छोट्या चांगल्या वायरीने लॅपटॉप एकदा थेट प्रोजेक्टरला लावा. ईडीआयडीची फाइल कॉपी करून घ्या. ईडीआयडी-डीकोड या आज्ञेने तपासा, तपासबेरीज (फाइल बिनचूक असल्याची खूण, चेकसम) बरोबर आली पाहिजे. मग ती लिबमधल्या फर्मवेअर फोल्डरात ईडीआयडी नावाचा फोल्डर करून ठेवा आणि कर्नलला डीआरएम-ईडीआयडी-फर्मवेअर या पर्यायाने तिचा पत्ता द्या. फाइल इनिटरॅमएफएसमध्येही (कर्नल अगदी सुरुवातीला वाचतं त्या फाइलींच्या संचात) जायला हवी, नाहीतर ड्रायव्हर लवकर चढतो आणि त्याला ती सापडत नाही. पर्यायात तोंडाचं नाव दिलंत तर बाकीच्या तोंडांना धक्का लागत नाही.

फळा_खडू

शिडी शिपाईमामांकडे आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की थेट लावून फाइल काढतो आणि तपासबेरजेची ओळ इथे टाकतो.

ग्रंथसखी

सर, छोटी वायर नसेल तर आमच्याकडे आता एक मोकळी झाली आहे. जीटी ७३० काढलं, तिन्ही मशीन डिस्प्लेपोर्टवर घेतली. ही वायर १२ आणि १५ वाली नीट आहे, तपासून ठेवली आहे. कळवा, पाठवते.